तांबड्यापलीकडचा मंद उजेड

वर्ध्याच्या उन्हात कोणत्याही शाळेला करता येईल असा एक प्रयोग आहे. पालकाची पाने वाटून स्पिरिटमध्ये कालवावीत (जवळपास ज्योत नको), द्रव गाळून परीक्षानळीत घ्यावा. उन्हाकडे धरून आरपार पाहिल्यास तो हिरवा दिसतो. मागे काळा कागद धरून बाजूने पाहिल्यास रक्तासारखा तांबडा. १९३७ साली वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताने काम करत शिकण्याचा आग्रह धरला होता. तेव्हा हा प्रयोग नुसता फळ्यावर उरकू नये.

हा तांबडा प्रकाश डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८३०च्या दशकात नोंदवला. हरितद्रव्य प्रकाश शोषते आणि त्यातला थोडा परत बाहेर टाकते. जिवंत पानातून येणाऱ्या अशा प्रकाशाचा एक भाग ७४० नॅनोमीटरच्या आसपास असतो. निकट-अवरक्ताचा उंबरठा तो हाच.

रसायनशास्त्रज्ञ या उंबरठ्यापाशी पोचले ते रंगांच्या वाटेने. ग्रेव्हिल विल्यम्स यांना १८५६ साली सायनिन हा निळा रंग मिळाला. कापडावर तो उन्हात टिकेना. पण १८७३ साली फोगेल यांना आढळले, की योग्य रंग मिसळला तर फोटोच्या काचा एरवी न दिसणारा प्रकाशही टिपतात. मग सायनिनचे रेणू लांबवण्याची चढाओढच लागली. साखळीत एक दुहेरी बंध वाढवला, की शोषण सुमारे १०० नॅनोमीटर पुढे सरकते. अवरक्त छायाचित्रणाच्या काचा अशाच रंगांनी तयार झाल्या.

मुंबईत १९३३ साली यूडीसीटी ही संस्था सुरू झाली. तिचे १९३८पासूनचे संचालक आणि १९५७पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांच्या कृत्रिम रंगांवरील ग्रंथमालेचे पहिले खंड १९५२ साली निघाले. कापडाच्या रंगाने मात्र प्रकाश गिळला की काम झाले. गिळलेल्या ऊर्जेची उष्णता झाली तरी तक्रार नसते. रेणू उजळायला हवा असेल, तर तीच उष्णता शत्रू ठरते.

या शत्रूचा हिशेब एंगलमन आणि जॉर्टनर यांनी १९७० साली मांडला. उत्तेजित रेणूतले कार्बन-हायड्रोजन बंध थरथरतात आणि ऊर्जा हप्त्याहप्त्याने पळवतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनची ऊर्जा पळवायला असे सातांहून अधिक हप्ते एकदम लागतात. ९०० नॅनोमीटरला चारसुद्धा नाहीत. हप्ते कमी, तितकी चोरी सोपी. साधा हायड्रोजन काढून जड हायड्रोजन (ड्यूटेरियम) बसवला, तर हप्ता लहान होतो आणि त्याच कामाला पाच लागतात. नॅफ्थलीनमध्ये अशी अदलाबदल केल्यावर मंदावत जाणारा उजेड जास्त वेळ टिकतो, हे हचिसन आणि मॅंगम यांनी १९६० सालीच दाखवले होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

अर्थात मंद उजेडही वाया जात नाही. इंडोसायनिन ग्रीन या रंगाला अमेरिकेत १९५९ साली वैद्यकीय मान्यता मिळाली. रक्तात तो ८३० नॅनोमीटरच्या आसपास क्षीण प्रकाश देतो. पण त्या पट्ट्यात शरीराचे ऊतक बरेच पारदर्शक असते, म्हणून डॉक्टर त्या उजेडात डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्याही पाहू शकतात.

विजेवर उजळणाऱ्या सेंद्रिय दिव्यांनी ७४० नॅनोमीटरला २०१७ साली सुमारे २४ टक्के कार्यक्षमता गाठली. त्यासाठी प्लॅटिनमचे सपाट रेणू एकावर एक रचले होते. उत्तेजना अनेक रेणूंवर पसरली, की प्रत्येकाच्या वाट्याची थरथर कमी होते. हीच युक्ती २०२० साली ९३० नॅनोमीटरपर्यंत नेली, तेव्हा कार्यक्षमता दोन टक्क्यांच्या किंचित वर राहिली.