फुकटचे नेट आणि वाटेवरचा नाका

आज एका भांडणाची हकिगत सांगते. भांडण दिल्लीत झाले, पण त्यात नाव घेतले गेले खेड्यातल्या माणसाचे.

2015 चा डिसेंबर महिना होता. फेसबुकचे मालक मार्क झुकरबर्ग यांनी एका मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला होता. हा शेतकरी फोनवर फुकट हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवीन पिकात आणि जनावरांत पैसे घालतो आहे. मग याला कोणाची हरकत असावी, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटतो. पण हरकत घेणारे लाखो निघाले, आणि त्यांचेही काही चुकले नव्हते.

ते समजायला आधी आपल्याच जंगलात जाऊ. टीपी म्हणजे वाहतूक परवाना. तो काय असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. बांबू तुमच्या जंगलातला, तोडला तुम्ही, पण टीपी नसेल तर नाक्यावर गाडी अडते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनउपज म्हणून लिहिलेला आहे. तरी वनखाते म्हणे, बांबू हे झाड आहे, टीपी आम्हीच देणार. हक्क हातात, पण माल गावाबाहेर जाईना. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्याआधी वर्षानुवर्षे इथलाच बांबू कागद कारखान्याला सरकारी कराराने स्वस्तात जात होता. जंगल एकच, रस्ता एकच, पण एकाची गाडी सलाम घेऊन पुढे जायची आणि दुसऱ्याची नाक्यावर उभी राहायची.

इंटरनेट हाही रस्ताच आहे. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंत आणि तिथून तारेने जगभर. त्या रस्त्यावर नाका असतो सिमकार्डाच्या कंपनीचा. कंपनीने रस्त्याचे पैसे घ्यावेत, त्याबद्दल वाद नाही. वाद असा, की गाडीत काय आहे ते बघून तिने वेगवेगळा दर लावावा का? अमक्याचा व्हिडिओ फुकट, तमक्याचा महाग. मोठ्या दुकानाचे पान झटकन उघडेल आणि बचत गटाच्या मोहाच्या लाडवांचे पान फिरत बसेल, असे चालेल का? चालू नये, सगळ्या गाड्यांना एकच नियम असावा, या म्हणण्याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट साधी आहे.

ती नवीही नाही. 1854 साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि आपला चांदा इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून टपालाचा नवा दर आला: पाव तोळ्याच्या आतले पत्र, हिंदुस्थानात कुठेही, अर्धा आणा. तोवर जितके अंतर लांब, तितके टपाल महाग असे. नव्या नियमात पत्र सावकाराचे आहे की सालदाराचे, आणि आत काय लिहिले आहे, याच्याशी दराचा संबंध राहिला नाही. (इंग्रजांनी ते आपल्या प्रेमापोटी केले नाही, त्यांना राज्य चालवायचे होते. पण सोय सगळ्यांचीच झाली.)

आता भांडणाकडे येऊ. 2014 च्या डिसेंबरात एअरटेलने जाहीर केले, की नेटवरून बोलण्याचे वेगळे पैसे लावू. ओरड झाली, कंपनी काही दिवसांतच मागे आली. पुढे 2015 च्या मार्चमध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेने लोकांची मते मागवली. इंग्रजीतला लांबलचक कागद, समजायला कठीण. काही तरुणांनी तो सोपा करून सांगितला, आणि महिनाभरात ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. टेलिफोनच्या दरावर एवढी माणसे कधी बोलली नव्हती.

फेसबुकची योजना त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे आली होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सिमवर, सहा राज्यांत, त्यात महाराष्ट्रही होता आणि भाषांमध्ये मराठीही. पुढे तिचे नाव पडले फ्री बेसिक्स. तीस-चाळीस संकेतस्थळे फुकट, बाकीचे नेट विकत. कोणती फुकट, ते फेसबुकच्या अटींवर ठरणार. विरोध करणाऱ्यांत पत्रकार निखिल पाहवा पुढे होते. त्यांनी विचारले, गरिबाला फुकटच द्यायचे तर पूर्ण नेटच थोडेसे का देत नाही?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती आपल्याच नावाने मांडली जात होती. ज्या बाईकडे काहीच नाही, तिला हवामान आणि आरोग्याची चार पाने मिळाली तर बिघडले काय? शहरात बसून पूर्ण नेट वापरणाऱ्यांनी तिचा घास का अडवावा? मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. पण हाच दाता पुढे नाका सांभाळणार होता. पहिल्यांदाच नेट बघणारी बाई ती तीस-चाळीस पाने म्हणजेच नेट समजली असती, आणि तिच्या गटाचे पान त्यात आहे की नाही, हे तिला कोणी विचारले नसते.

फेसबुकने आपल्या वापरणाऱ्यांकडून ट्रायला लाखो तयार निवेदने पाठवली. ट्रायने कंपनीला खडसावले: आम्ही चार नेमके प्रश्न विचारले होते, मतदान घेतलेले नाही. 8 फेब्रुवारी 2016 ला निकाल आला. नेटवर काय बघितले, यावरून वेगळा दर लावता येणार नाही. मोडल्यास दिवसाला 50 हजार रुपये दंड, कमाल 50 लाख. आणीबाणीच्या सेवेला सूट. कारण देताना ट्रायने म्हटले, की देशातले बहुतेक लोक अजून नेटवर यायचेच आहेत, आणि त्यांना काय दिसावे हे कंपनीने ठरवू नये. म्हणजे आपण नव्हतो, म्हणूनच आपला विचार झाला. चार दिवसांत फेसबुकने योजना गुंडाळली. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने हे तत्त्व पूर्णपणे मान्य केले.

पण या निकालाने भामरागडला किंवा जिवतीला नेट आले का? नाही. स्वस्त नेट आले ते सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात उतरल्यावर, आणि तेही टॉवर होता तिथेच. नक्षलग्रस्त भागात टॉवर उभारायला केंद्राने 2014 मध्ये मंजुरी दिली, काम बीएसएनएलला दिले, पण ते टॉवर टूजी निघाले. बोलता येई, नेट नावापुरते. ते फोरजी करण्याचा निर्णय व्हायला एप्रिल 2022 उजाडला. 2,343 ठिकाणे, खर्च 2,426 कोटी.

हा पैसा ज्या निधीतून येतो, तो कंपन्यांच्या उत्पन्नातल्या हिश्श्यातून भरतो, म्हणजे तुमच्याआमच्या रिचार्जमधूनच. डिसेंबर 2016 मध्ये ट्रायने याच निधीतून खेड्यातल्या ग्राहकाला महिन्याला 100 एमबी पूर्ण नेट फुकट द्यावे, अशी शिफारस केली होती. नाका नसलेले फुकट नेट. ती कागदावरच राहिली. फ्री बेसिक्सवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही तिच्यावर झाली नाही, याचे मला वाईट वाटते.

भांडण संपलेले नाही. कंपन्या आता म्हणतात, मोठी ॲप आमच्या रस्त्यावर फार गर्दी करतात, त्यांनी आम्हाला वाटा द्यावा. अमेरिकेत तर हा नियम 2015 मध्ये आला, 2017 मध्ये गेला, 2024 मध्ये परत आणला आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने रद्द केला.

आणि आपल्याकडे दर वाढले. नोव्हेंबर-डिसेंबर 2021 मध्ये वाढले, जुलै 2024 मध्ये पुन्हा वाढले. साधा बटनाचा फोन वापरणाऱ्या सासूबाईंनाही न लागणाऱ्या नेटचे पैसे भरावे लागत होते. त्यावर 23 डिसेंबर 2024 ला ट्रायने नियम केला, की प्रत्येक कंपनीने फक्त बोलणे आणि मेसेज असलेला, नेट नसलेला पॅक ठेवलाच पाहिजे, आणि त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. 30 दिवसांचा पॅकही ठेवणे 2022 पासून बंधनकारक आहे. दुकानदार बहुधा 28 दिवसांचा नेटवालाच पुढे करतो. फक्त बोलण्याचा पॅक आहे का, असे नाव घेऊन विचारा, आणि दोन्हींच्या किमती गटाच्या वहीत शेजारी शेजारी लिहून बघा.