परिचारिकेची नोंदणी : सेवाभावापासून कायदेशीर व्यवसायापर्यंत

प्रस्तावना

आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे मानवी समाजाइतकेच जुने काम आहे. परिचर्या हा व्यवसाय मात्र जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. काम जुने आणि व्यवसाय नवा, असे का, हा प्रश्न वैद्यकीय इतिहासाच्या अभ्यासात सहसा विचारला जात नाही. डॉक्टर, शोध आणि औषधे यांची चर्चा विस्ताराने होते. परिचारिकेच्या वाट्याला ‘सेवेची मूर्ती’ असे गौरवाचे एखादे वाक्य येते. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास परिचारिका म्हणजे सेवाभाव असलेली व्यक्ती नव्हे. मान्यताप्राप्त संस्थेत ठरावीक मुदतीचे शिक्षण घेऊन, परीक्षा उत्तीर्ण होऊन जिचे नाव परिषदेच्या नोंदणीपटावर चढले आहे, ती परिचारिका. हा नोंदणीपट कसा निर्माण झाला, त्याला विरोध कोणी व का केला आणि आपल्या देशात तो कोणत्या वाटेने आला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

घरातील आजाऱ्याचे सर्व काही घरच्या स्त्रियांनी करावे आणि बाळंतपण सुईणीने पाहावे, ही आपल्याकडील जुनी रीत होती. सुईणीचे ज्ञान आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जात असे. त्याला परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते.

घराबाहेरील, संघटित शुश्रूषेची उदाहरणेही प्राचीन आहेत. इस्लामच्या आरंभकाळात मदीना येथे असलम कबिल्यातील रुफैदा या स्त्रीने जखमींच्या उपचारासाठी मशिदीजवळ तंबू उभारला होता. इ.स. ६२७ मधील खंदकाच्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआज यांना त्याच तंबूत ठेवण्यात आले, असा उल्लेख प्रारंभीच्या चरित्रग्रंथांत मिळतो. पुढे कैरो येथे १२८४ मध्ये सुलतान कलाऊन याने उभारलेल्या बीमारिस्तानात स्त्री व पुरुष रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र सेवकवर्ग होता व त्यांचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून भागवला जात असे. युरोपात हेच काम मठांतील जोगिणींनी केले. या सर्व परंपरांमध्ये सेवेची प्रेरणा होती आणि कौशल्यही होते. तथापि, हे काम कोणी करावे, त्यासाठी किती शिकावे आणि चूक झाल्यास जाब कोणी विचारावा, याचा लेखी व सर्वांना लागू असणारा नियम नव्हता.

स्कुटारीचा धडा

हा बदल क्रिमियाच्या युद्धापासून सुरू झाला. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारी, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील उस्कुदार, येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी त्यांची प्रतिमा जगभर प्रसिद्ध झाली. पण त्या प्रतिमेमुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. त्या पोहोचल्यानंतरही मृत्यू कमी झाले नाहीत. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ करवली, हवा खेळती केली आणि पाण्याची व्यवस्था सुधारली. जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर आले.

नाइटिंगेल यांनी या आकड्यांचा अर्थ युद्धानंतर नीट समजून घेतला. माया असली तरी ज्ञान नसेल तर रुग्ण वाचत नाही, हा तो अर्थ होय. जनतेने त्यांच्या गौरवार्थ जमवलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका विद्यालय सुरू झाले. उमेदवार मुलींनी वसतिगृहात राहावे, वर्षभर वॉर्डात प्रत्यक्ष काम करत शिकावे आणि त्यांच्या कामाची नोंद ठेवली जावी, ही पद्धत तेथे रूढ झाली. परिचर्येच्या शिक्षणाचा पाया असा घातला गेला. कायद्याचा पाया मात्र घातला गेला नव्हता, आणि तो घालण्यास स्वतः नाइटिंगेल यांचाच विरोध होता.

नोंदणीचा वाद

इंग्लंडमध्ये १८८७ मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशनची स्थापना झाली. तिच्या प्रवर्तक एथेल बेडफर्ड फेनविक या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मेट्रन. डॉक्टरांप्रमाणेच परिचारिकांचीही सरकारी नोंदणी असावी, तीन वर्षांच्या प्रशिक्षणाशिवाय कोणासही ‘नर्स’ म्हणवून घेता येऊ नये, ही त्यांची मागणी होती. प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित यांतील फरक रुग्णाला बाहेरून कळत नाही, म्हणून तो कायद्याने दाखवून दिला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

नाइटिंगेल यांचे म्हणणे याच्या उलट होते. चांगल्या परिचारिकेचे गुण हे स्वभावाचे व चारित्र्याचे असतात. ते लेखी परीक्षेत मोजता येत नाहीत. एकदा नाव नोंदवले गेले की ती व्यक्ती पुढे कशी वागते, हे नोंदणीपट सांगू शकणार नाही, असे त्यांना वाटत होते. या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूस, फेनविक यांच्या योजनेतही एक उणीव होती. दीर्घ प्रशिक्षणाचा खर्च सोसणे मध्यमवर्गीय मुलींनाच शक्य होते; गरीब स्त्रिया व्यवसायाच्या दाराबाहेर राहण्याचा धोका त्यात होता.

हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. दरम्यान न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा करून जगात पहिला मान मिळवला. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाने प्रश्न ऐरणीवर आणला. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या असंख्य स्वयंसेविका प्रशिक्षित परिचारिकांच्या बरोबरीने काम करू लागल्या आणि कोणाची पात्रता काय, हे सांगणे कठीण झाले. अखेर १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा संमत झाला. नोंदणीपटावरील पहिले नाव फेनविक यांचेच होते. नाइटिंगेल यांचे त्यापूर्वीच, १९१० मध्ये, निधन झाले होते.

हिंदुस्थानातील आरंभ

हिंदुस्थानात आधुनिक परिचर्या प्रथम लष्करी छावण्यांत आणि मिशनच्या दवाखान्यांत आली. १८८५ मध्ये लेडी डफरिन निधी स्थापन झाल्यावर स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर, परिचारिका व प्रशिक्षित सुईणी तयार करण्याच्या कामास गती मिळाली. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि तेथे डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली.

येथील अडचण इंग्लंडपेक्षा वेगळी होती. परक्या पुरुषाच्या शरीरास स्पर्श, मलमूत्राची स्वच्छता, रात्रपाळी आणि घराबाहेर मुक्काम या गोष्टी जातिधर्माच्या तत्कालीन कल्पनांत बसत नव्हत्या. त्यामुळे सुरुवातीच्या परिचारिकांत अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती मुलींचे प्रमाण मोठे होते. हिंदू आणि मुस्लिम प्रतिष्ठित घराण्यांतील मुली या शिक्षणापासून दूर राहिल्या. पडद्यातील स्त्रियांना स्त्री परिचारिकेची गरज सर्वांत जास्त होती, आणि परिचारिका होण्यास घरातून मनाईही तेथेच होती.

या काळातील दोन मराठी उदाहरणे लक्षणीय आहेत. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. ही सेवेची परंपरा होय. त्यानंतर १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. समाजाचा रोष पत्करून केलेले हे काम व्यवसायाच्या परंपरेचे होय. पहिल्या उदाहरणात त्यागाची उंची आहे, तर दुसऱ्यात एका निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करणारे प्रमाणपत्र आहे. समाजाला दोन्हींची गरज होती; पण मोठ्या संख्येने परिचारिका दुसऱ्याच मार्गाने तयार होऊ शकत होत्या.

प्रांतिक कायदे ते भारतीय परिचर्या परिषद

परिचारिका अधीक्षकांची संघटना १९०५ मध्ये लखनौ येथे स्थापन झाली आणि १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन अस्तित्वात आली. १९२२ मध्ये दोन्ही एकत्र आल्या. प्रशिक्षणात सर्वत्र एकसारखेपणा असावा आणि सरकारी नोंदणी व्हावी, यासाठी या संघटनेने पाठपुरावा केला. मद्रास प्रांताने १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९३५ मध्ये नोंदणीचा कायदा केला.

प्रांतिक कायद्यांनी नोंदणी आली, परंतु एकसूत्रता आली नाही. प्रत्येक प्रांताचा अभ्यासक्रम व परीक्षा वेगळी असल्यामुळे एका प्रांताचे प्रमाणपत्र दुसऱ्या प्रांतात आपोआप चालत नसे. संख्येची स्थिती तर याहून बिकट होती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार त्या वेळी ६,३०० लोकसंख्येमागे एक डॉक्टर होता, तर ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० होती. डॉक्टरांपेक्षा परिचारिका कमी असलेला हा देश होता. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले.

या पार्श्वभूमीवर भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ संमत झाला आणि ३१ डिसेंबर १९४७ रोजी तो अंमलात आला. देशभर प्रशिक्षणाचा दर्जा एकसारखा राखणे, अर्हतांना मान्यता देणे, संस्थांची तपासणी करणे आणि दर्जा घसरल्यास मान्यता काढून घेणे ही कामे केंद्रीय परिषदेकडे आली. नोंदणी करणे, शिस्तभंगाची चौकशी करणे आणि गंभीर गैरवर्तन झाल्यास नाव कमी करणे हे अधिकार राज्य परिषदांकडे राहिले. म्हणूनच बेळगावात शिकून कर्नाटकाच्या परिषदेकडे नोंदलेल्या परिचारिकेने कोल्हापुरात नोकरी धरली, तर तिला महाराष्ट्राच्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मात्र अर्हता केंद्रीय परिषदेस मान्य असल्याने तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. १९४७ च्या अधिनियमाचे हे व्यावहारिक फलित आहे.

न्यायालयातील कसोटी

नोंदणीपटाचे महत्त्व नेमके काय, हे १९९८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून स्पष्ट होते. एका खाजगी रुग्णालयात तापासाठी दाखल केलेल्या लहान मुलाला परिचारिकेने शिरेतून इंजेक्शन दिले. मुलाचे हृदय बंद पडले आणि उपचारानंतर जीव वाचला तरी मेंदूला कायमची इजा झाली. चौकशीत आढळले की इंजेक्शन देणारी स्त्री आवश्यक अर्हता असलेली नव्हती व कोणत्याही राज्याच्या परिषदेकडे तिची नोंदणी नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी १२.५ लाख आणि आईवडिलांसाठी ५ लाख रुपये भरपाई ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाची जबाबदारी कायम केली. सेवकाच्या चुकीस मालक जबाबदार, हे तत्त्व त्यात लागू झाले.

या खटल्याने नाइटिंगेल-फेनविक वादाचे एक उत्तर दिले. नोंदणीपट परिचारिकेचे चारित्र्य सांगू शकत नाही, हे खरे. परंतु तिला औषध, मात्रा आणि देण्याचा मार्ग यांचे किमान ज्ञान आहे की नाही, एवढे तो निश्चित सांगतो. कधी कधी रुग्णाचा जीव नेमका तेवढ्यावरच अवलंबून असतो.

जबाबदारी वाढली तरी मोबदला त्या प्रमाणात वाढला नाही, हीही या इतिहासाची एक बाजू आहे. खाजगी रुग्णालयांतील तुटपुंज्या पगाराविरुद्ध परिचारिका संघटनेने दाद मागितल्यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमण्याचा आदेश दिला. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन २०,००० रुपयांहून कमी नसावे, अशी या समितीने शिफारस केली. ती राबवण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले.

१९४७ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व सुईणपण आयोग अधिनियम संमत केला. राष्ट्रीय व राज्य अशा दोन्ही स्तरांवर नोंदणीपट ठेवणे आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. ‘नर्स’ हा शब्द कोणी वापरावा, हा १८८७ मधील प्रश्न अशा रीतीने फौजदारी शिक्षेपर्यंत येऊन पोहोचला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की परिचर्येला व्यवसायाचे स्थान शिक्षण, परीक्षा, नोंदणी आणि उत्तरदायित्व या चार गोष्टींनी मिळाले. सेवाभाव या चौघांच्या आधीपासून होता आणि त्यांच्याशिवाय तो अपुरा ठरला. या इतिहासाचा संबंध आजच्या महाविद्यालयीन शिक्षकांशीही आहे. दहावी-बारावीनंतर रोजगाराच्या आशेने परिचर्येकडे वळणाऱ्या मुलींत पहिल्या पिढीच्या विद्यार्थिनी बऱ्याच असतात. एखाद्या अमान्य संस्थेत दोन-तीन वर्षे आणि घरची पुंजी खर्च केलेल्या मुलीच्या हाती प्रमाणपत्र पडते, पण नोंदणीपटावर तिचे नाव चढत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती परिचारिका ठरत नाही आणि तिच्या हातून चूक झाली तर तिला कोणतेही संरक्षण उरत नाही. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता राज्य परिषदेकडे तपासून घेण्याचा सल्ला तिला बहुधा तिचा शिक्षकच देऊ शकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी समाजाच्या रोषामुळे ज्या दाराशी मुली थबकल्या, ते दार आता उघडे आहे. त्यातून आत जाणाऱ्या मुलीचे नाव योग्य वहीत लिहिले जावे, एवढी दक्षता घेणे हे शिक्षणसंस्थांचे काम आहे.