मुंबईचे विमानतळमार्ग

मुंबईच्या उपनगरांतील विमानतळापासून शहराच्या दक्षिण टोकाकडील फोर्ट, बॅलार्ड पिअर, नरिमन पॉइंट या व्यापारी भागांकडे जाणारे रस्ते व लोहमार्ग. अंतर सु. २० ते २५ किमी. भरते; परंतु खरी अडचण अंतराची नसून माहीमच्या खाडीची होती. विमानतळ साष्टी बेटावर आणि पेढ्या व बँका मुंबई बेटावर, त्यामुळे या प्रवासाचा इतिहास हा बहुतांशी खाडी ओलांडण्याचा इतिहास होय.

खाडीवरील बांधरस्ता विमानयुगाच्या कितीतरी आधीचा आहे. लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांच्या देणगीतून तो १८४५ मध्ये खुला झाला व वांद्रे माहीमला जोडले गेले. जुहूचा विमानतळ १९२८ मध्ये स्थापन झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथेच उतरले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाणथळ होई. दुसऱ्या महायुद्धकाळात सांताक्रूझ येथे लष्करी धावपट्ट्या तयार झाल्या व युद्धानंतर नागरी वाहतूक तिकडे गेली.

चर्चगेट–बोरिवली लोहमार्गाचे विद्युतीकरण १९२८ मध्येच झाले होते आणि सांताक्रूझ, विलेपार्ले व अंधेरी ही स्थानके विमानतळाच्या पश्चिमेस फार दूर नव्हती. तरीही विमानतळाला स्वतःचे स्थानक नव्हते. सामानासह उपनगरी गाडीच्या गर्दीत शिरणे प्रवाशाला अवघडच. म्हणून तो टॅक्सीचाच आश्रय घेई. रिक्षा स्वस्त खरी, पण बेटावरील शहरात तिला परवानगी नसल्याने ती वांद्रे व शीव येथेच थांबते.

सहार येथील आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले. पश्चिम द्रुतगती महामार्गाने उपनगरांतील वाट रुंद केली, तरी माहीमजवळ सारी वाहतूक अरुंद बांधरस्त्यावर एकवटे. वांद्रे–वरळी सागरी सेतू (लांबी ५.६ किमी.) ३० जून २००९ रोजी खुला झाल्यावर खाडीच्या मुखावरून दुसरी वाट मिळाली.

दरम्यान व्यापारी केंद्रच विमानतळाच्या दिशेने सरकले. वांद्रे–कुर्ला संकुलाच्या नियोजनाचे काम १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. मिठी नदीकाठच्या दलदलीत भर घालून तेथे कार्यालये उभी राहिली. विमानतळापासून ती अवघ्या काही किमी.वर आहेत. मात्र विमानतळ आणि संकुल दोन्ही एकाच नदीच्या काठी वसविल्याचे परिणाम २६ जुलै २००५ रोजी दिसले. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, मिठीला पूर आला, धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या आणि रस्ते व लोहमार्ग एकाच वेळी बंद पडले. धावपट्टीसाठी या नदीचे पात्र पूर्वी वळविण्यात आले होते, ही गोष्ट त्यानंतरच सर्वसामान्यांच्या चर्चेत आली.

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिने पूर्व उपनगरे जोडली, दक्षिण मुंबई नव्हे. ती उणीव भूमिगत तिसऱ्या मार्गाने (३३.५ किमी.) भरून काढली. त्याचा आरे ते वांद्रे–कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गाड्या कफ परेडपर्यंत धावू लागल्या. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना त्यावर स्वतंत्र स्थानके असून संकुल व धारावी यांच्या दरम्यान हा मार्ग मिठीच्या पात्राखालून जातो.