वस्तरा कोणाच्या हातात? दाढीच्या पात्याचा सामाजिक इतिहास

१/ धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात तेरणा नदीकाठी माकणी हे गाव आहे. निम्न तेरणा धरणामुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. अशा गावातल्या किराणा दुकानात आज दुधारी ब्लेडचे पाकीट, एकदा वापरून टाकायचा रेझर, क्रीमची ट्यूब आणि तुरटीचा खडा शेजारी शेजारी मिळतात. गिऱ्हाईक आपल्या मर्जीने त्यांतून निवड करते. ही मर्जी मात्र फार जुनी नाही. काही पिढ्यांपूर्वी गावात वस्तरा असे तो वारकाच्या धोकटीत. तेव्हा ‘कोणता वस्तरा घ्यावा’ हा प्रश्नच नव्हता. ‘हा वस्तरा कोणाच्या गालाला लागेल आणि कोणाच्या लागणार नाही’ हा खरा प्रश्न होता. हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२/ प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृतात वस्तऱ्याला ‘क्षुर’ म्हणत. आपली ‘सुरी’ त्याच कुळातील ‘क्षुरिका’ या शब्दापासून आली. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात मुंडनविधीचे एक सूक्त असून त्यात क्षुरासोबत ऊन पाण्याचाही उल्लेख येतो. म्हणजे केस आधी पाण्याने मऊ करावेत, मग पाते चालवावे, हे ज्ञान तितके जुने आहे. पुढे फारसी ‘उस्तरा’ मराठीत ‘वस्तरा’ झाला आणि अरबी ‘हजामत’ घरोघरी रुळली. मराठवाड्यात न्हाव्याला ‘वारीक’ असेही म्हणतात.

३/ वारकाची धोकटी म्हणजे चामड्याची घडीची पिशवी. तिच्यात वस्तरा, कातर, कंगवा, नखे काढायची नराणी, धारेचा दगड, चामडी पट्टा, आरसा, पाण्याची वाटी आणि तुरटी असे. दगड आणि पट्टा यांची कामे वेगळी आहेत. दगड धातू झिजवून नवी धार काढतो. पट्टा धातू फारसा झिजवत नाही, तर दाढी केल्यावर वाकलेली धारेची सूक्ष्म कड पुन्हा सरळ करतो. म्हणून पट्टा प्रत्येक दाढीपूर्वी लागतो आणि दगड अधूनमधून. एकच वस्तरा वर्षानुवर्षे टिके, तो या दोन क्रियांच्या बळावर.

४/ साबणाचा फेस ही खेड्यातली उशिराची चैन होय. जुना कारागीर बोटे पाण्यात बुडवून दाढी चोळचोळून भिजवी आणि मगच वस्तरा लावी. त्यामागे साधे कारण आहे. केस पाणी शोषतो, फुगतो आणि मऊ होतो. मऊ केस कापायला जोर कमी लागतो. कोरडा केस कापताना पाते अडखळते आणि कातडी सोलवटते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही. अशा मुलखात चांगली दाढी साबणापेक्षा चोळण्यावर अधिक अवलंबून होती.

५/ या कामाचा मोबदला रोख नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासी मानल्या जात. न्हावी सामान्यतः मधल्या कासेत येई. वर्षभर कुणब्याच्या घरची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ही रीत होती. लग्नमुंजी, जावळ, सुतक या प्रसंगीही त्याचे काम ठरलेले असे. कुळे वंशपरंपरेने वाटलेली असत. गिऱ्हाइकाने न्हावी निवडायचा नाही आणि न्हाव्याने गिऱ्हाईक निवडायचे नाही.

६/ मात्र या व्यवस्थेला एक कुंपण होते. अस्पृश्य मानलेल्या जातींना गावचा वस्तरा लागत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्यातील बालपण सांगितले आहे. घरातील मुलांचे केस थोरली बहीण कापत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, आणि त्यांना पैसे देण्याची घरची ऐपत नव्हती असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता, एवढेच कारण होते. बाबासाहेबांचे वडील लष्करात सुभेदार होते. हुद्दा आणि पैसा दोन्ही असूनही वस्तरा मिळत नव्हता.

७/ याच वस्तऱ्याची दुसरी बाजू नेमकी उलट होती. ब्राह्मण आणि त्यांच्या चालीरीती अनुसरणाऱ्या काही जातींत विधवेचे केशवपन केले जाई. तिची इच्छा कोणी विचारत नसे. पुन्हा पुन्हा, केस वाढतील तसतसे, न्हाव्याला घरी बोलावले जाई. एकीकडे ज्याला वस्तरा हवा त्याला तो नाकारला जात होता. दुसरीकडे जिला तो नको होता तिच्यावर तो लादला जात होता. दोन्ही ठिकाणी पाते न्हाव्याच्या हातात होते, पण निर्णय त्याचा नव्हता.

८/ हा निर्णय न्हाव्यांनी स्वतःच्या हाती घेतला तो १८९० मध्ये, मुंबईत. सत्यशोधक चळवळीतील पुढारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी एकत्र आले आणि यापुढे विधवांचे केशवपन करणार नाही असे त्यांनी ठरवले. हेच लोखंडे १८८४ पासून गिरणी कामगारांची संघटना बांधत होते, आणि त्यांच्या प्रयत्नांतूनच १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. संपाची कल्पना त्यांना नवी नव्हती. पगारासाठी नव्हे, तर आपल्या हातून अन्याय घडू नये म्हणून काम थांबवणे, हे मात्र नवे होते.

९/ येथे क्षणभर थांबायला हवे. साताऱ्यातील नकार आणि मुंबईतील नकार वरवर सारखेच दिसतात. दोन्ही ठिकाणी न्हावी ‘मी करणार नाही’ असेच म्हणतो. पण पहिला नकार जातीच्या उतरंडीने त्याच्या तोंडी घातलेला होता. तो पाळला नाही तर त्याची इतर कुळे सुटण्याची आणि बहिष्काराची भीती होती. दुसरा नकार त्याच उतरंडीच्या विरोधात होता. कोणाच्याही व्यवसायाचे स्वातंत्र्य तपासताना नकार कोणाच्या बाजूने दिला जातो हे पाहावे लागते.

१०/ दरम्यान अमेरिकेत वस्तऱ्याचे रूपच पालटत होते. किंग कॅम्प जिलेट यांच्या मनात फेकून देण्याजोग्या पात्याची कल्पना होती. पोलादाची इतकी पातळ पट्टी कडक करून तिला धार लावणे अशक्य आहे, असे जाणकार सांगत. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते यंत्राने साधले. १९०३ मध्ये अवघे ५१ रेझर विकले गेले. नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंट मिळाले आणि त्या एका वर्षात विक्री ९० हजारांवर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर मागवले. लाखो पुरुष खंदकांत स्वतःची दाढी स्वतः करायला शिकले.

११/ या यंत्राचे मर्म कोनात आहे. उघड्या वस्तऱ्यात पाते गालाशी किती तिरपे धरायचे हे मनगट ठरवते, आणि ते मनगट घडायला वर्षे लागतात. सेफ्टी रेझरमध्ये वरची टोपी आणि खालची पट्टी मिळून तो कोन, सुमारे ३० अंशांचा, जवळजवळ ठरवूनच देतात. म्हणजे कारागिराच्या कौशल्याचा मोठा भाग धातूच्या तुकड्यात भरून विकला गेला. धार लावण्याचे कामही उरले नाही. पाते बोथट झाले की बदलायचे.

१२/ भारतात ही वस्तू आधी छावण्या आणि शहरे यांतून पसरली. स्वातंत्र्यानंतर ब्लेड येथेच मोठ्या प्रमाणावर बनू लागले. कोलकात्याचे हरबंसलाल मल्होत्रा अँड सन्स आणि ठाण्याचे विद्युत मेटॅलिक्स ही त्यांतील ठळक नावे. १९६०च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पोलादाचे ब्लेड बाजारात आणले आणि गंजण्याची अडचण बरीच कमी झाली. जुने कार्बन पोलादाचे पाते ओले राहिले तर लवकर गंजत असे.

१३/ खासगी रेझरमुळे एक गोष्ट बदलली. दाढीसाठी कोणाची परवानगी लागेनाशी झाली. वस्तरा नाकारला गेलेल्या माणसाला ब्लेड मिळू लागले, कारण ब्लेडला जात कळत नाही. पण या मुक्तीला मर्यादा होती. गाल आपला आपल्याला तासता येतो, डोक्यामागचे केस आपले आपल्याला कापता येत नाहीत. केस कापण्यासाठी दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. यंत्राने प्रश्न अर्धाच सोडवला, उरलेला अर्धा कायद्याकडे आला.

१४/ २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, पुढे कलम १५ झालेल्या तरतुदीवर चर्चा होती. दुकानांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे तीत म्हटले होते. दुकान म्हणजे केवळ वस्तू विकण्याची जागा, की धोबी, न्हावी यांची जागाही त्यात येते, अशी शंका निघाली. उत्तर द्यायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ त्यांनी स्पष्ट केला. ज्या मुलाचे केस साताऱ्यात बहिणीला कापावे लागले, त्यानेच हा अर्थ नोंदवून ठेवला. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही सभेने त्याच दिवशी संमत केले.

१५/ त्यानंतर १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हे अधिनियम आला. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे त्याने दंडनीय ठरवले. माकणीचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कायदा झाला म्हणून प्रथा एका रात्रीत गेली नाही. वेगळा वस्तरा, वेगळी वेळ, ‘आज दुकान बंद आहे’ अशा वाटांनी ती अनेक गावांत टिकून राहिली. पण ज्याला नकार मिळे, त्याच्या हाती आता तक्रारीचा आधार होता.

१६/ बलुते मोडले त्याचा लाभ न्हाव्यालाही झाला. खळ्यावरच्या धान्याऐवजी रोख दर आला. ओसरीवर बसून काम करण्याऐवजी खुर्ची, आरसा आणि स्वतःची पाटी आली. दर ठरवण्याचा, गाव सोडण्याचा, मुलाला दुसऱ्या धंद्यात घालण्याचा मार्ग खुला झाला. पण त्याचबरोबर घरोघरी रेझर आल्याने दाढीचे काम घटले. स्वातंत्र्य आणि स्पर्धा दोन्ही एकदमच आली.

१७/ उघड्या वस्तऱ्याला अखेरचा धक्का रोगाच्या भीतीने दिला. १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे भारतातील पहिले रुग्ण आढळले. पुढील दशकातील जनजागृतीत ‘नवे ब्लेड मागा’ हा सल्ला गावोगावी पोचला. कावीळ ‘ब’ चा धोका तर होताच. सलूनमधील वस्तऱ्यात आता अर्धे ब्लेड बसवतात आणि ते गिऱ्हाइकासमोर बदलतात. आकार जुन्या वस्तऱ्याचा राहिला, धार मात्र जिलेटच्या तत्त्वाची झाली. दगड आणि पट्टा धोकटीतून बाहेर पडले.

१८/ २०१० मध्ये जिलेटने भारतासाठी ‘गार्ड’ हा एकाच पात्याचा स्वस्त रेझर आणला. तो घडवताना कंपनीला एक साधी गोष्ट उमगली होती. पाश्चात्त्य रेझर धुण्यासाठी वाहता नळ गृहीत धरलेला असतो. येथील असंख्य पुरुष मात्र जमिनीवर बसून, तांब्याभर किंवा पेलाभर पाण्यात दाढी करतात. दाट पात्यांत अडकलेले केस एवढ्या पाण्याने निघत नाहीत. दुष्काळाशी परिचित असलेल्या धाराशिव जिल्ह्यात हे कोणाला सांगावे लागले नसते.

१९/ आज दाढीचे साहित्य निवडणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो. उघडा वस्तरा घ्यायचा तर पट्टा, दगड आणि मनगट घडवण्याची चिकाटीही घ्यावी लागते. दुधारी रेझर हा मधला मार्ग आहे. पाणी थोडे लागते, ब्लेड स्वस्त असते आणि सगळे पोलादाचे असल्याने प्लास्टिकचा कचरा होत नाही. त्यावर जोर देऊ नये, त्याच्या वजनानेच तो चालू द्यावा. अनेक पात्यांची कार्ट्रिज सोपी, पण महाग आणि भरपूर पाणी मागणारी. पाणी जड असेल तर साबणापेक्षा क्रीम बरे. कोणतेही साधन घ्या, गाल दोन-तीन मिनिटे भिजू द्यावेत आणि शेवटी तुरटी फिरवावी. ती बारीक जखमांचे रक्त थांबवते. सलूनमध्ये गेलात तर ब्लेड डोळ्यांसमोर बदलून घ्यावे.

२०/ आपण दुकानात पाकीट उचलतो तेव्हा किंमत आणि धार पाहतो. आपल्याला ते कोणी देईल की नाही, हा विचार मनात येत नाही. तो येऊ नये यासाठी एका बहिणीने हातात कातर घेतली, मुंबईच्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ वाढवून घ्यावा लागला. आणि जिथे अजूनही एखाद्या खुर्चीवर बसण्याआधी जात विचारली जाते, तिथे हे काम पुरे झालेले नाही.