चार बाइटांचे दफ्तर

डंपर किंवा पोकलेन चालता चालता बंद पडला, की त्याच्या कंट्रोलरच्या स्मृतीत बिघाडाची जी नोंद उरते ती चार बाइटांची असते. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे1939 या प्रमाणकात तिचा साचा ठरवून दिला आहे. तक्रार कशाबद्दल आहे त्याचा क्रमांक 19 बिटांत, तक्रारीचा प्रकार 5 बिटांत, ती किती वेळा उद्भवली ते 7 बिटांत आणि एक बिट क्रमांक लिहिण्याच्या पद्धतीसाठी. एकूण 32. त्यांत तारीख नाही, वेळ नाही. मोडी दफ्तरात मिती नसलेले पत्र हाती यावे तशी ही गोष्ट आहे: लिहिणारा कोण, त्याला माहीत काय असू शकते आणि त्याने काय लिहिलेले नाही, यावरूनच पुढे जावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनमध्ये हे दफ्तर वाचण्याची गरज कधीपासून वाढली असावी, याचा अंदाज दोन नोंदी शेजारी ठेवल्या की येतो. पहिली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची 5 मार्च 2018 ची अधिसूचना, जी.एस.आर. 201(ई). बांधकाम यंत्रांच्या धुरावरील चौथ्या टप्प्याच्या मर्यादा तिने आणल्या. त्या 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू व्हायच्या होत्या, त्या 1 एप्रिल 2021 पर्यंत पुढे गेल्या. दुसरी नोंद मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याची. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा, वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा हा कारखाना 2022 मध्ये सुरू झाला. म्हणजे कारखाना सुरू झाला तेव्हा नवा नियम लागू झालेला होता.

यातून लगेच मोठा निष्कर्ष काढू नये. अधिसूचना धुराबद्दल बोलते, वायरिंगबद्दल नाही. शिवाय ती चाकांवर धावणाऱ्या यंत्रांना लागू आहे. पट्ट्यांवर चालणारा पोकलेन तिच्या व्याख्येत बसत नाही. खात्रीने म्हणता येते ते एवढेच, की इतका कमी धूर सोडणाऱ्या डिझेल इंजिनाला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण टाळणे अवघड झाले. अशा इंजिनाचा कंट्रोलर गिअरबॉक्सशी आणि डॅशबोर्डशी सहसा दोन तारांच्या कॅन लाइनवरून बोलतो. एखादे विशिष्ट यंत्र असे आहे की नाही, हे मात्र त्याची पाटी पाहूनच ठरवावे.

कॅनचा जन्म खाणीतला नाही. जर्मनीतील बॉश कंपनीने 1983 मध्ये मोटारींसाठी त्यावर काम सुरू केले आणि फेब्रुवारी 1986 मध्ये डेट्रॉइटच्या एसएई अधिवेशनात ते मांडले. आपल्या कामाचा कागद आहे तो सप्टेंबर 1991 चा, बॉशची कॅन विनिर्देशिका, आवृत्ती 2.0. त्यातील चुका मोजण्याचे नियम मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण बिघाडाचा तपास तिथेच दडलेला आहे. संदेश पाठवताना चूक झाली की कंट्रोलर स्वतःच्या खात्यात 8 मांडतो; संदेश नीट गेला की 1 वजा करतो. खाते 128 ला पोहोचले की तो ‘एरर पॅसिव्ह’ होतो, 256 ला पोहोचले की लाइनवरून बाजूला होतो. त्यालाच ‘बस-ऑफ’ म्हणतात. शून्यापासून धरले तर सलग 32 फसलेले प्रयत्न पुरतात.

या नियमाला एक अपवाद आहे. लाइनवर एकटाच उरलेला कंट्रोलर संदेश पाठवतो, पण पोच द्यायला कोणीच नसते. तो एरर पॅसिव्ह होतो. निव्वळ पोच मिळत नाही म्हणून बस-ऑफ मात्र होत नाही. याचा अर्थ मोठा आहे. एखाद्या कंट्रोलरच्या दोन्ही तारा स्वच्छ तुटल्या, तर त्याच्याकडे बस-ऑफची नोंद सापडू नये. ती सापडली, तर संशय आधी तारा एकमेकींना चिकटल्याचा, सोललेली तार बॉडीला लागल्याचा किंवा कंट्रोलरच सदोष असल्याचा घ्यावा. हा तर्क आहे, निकाल नव्हे.

उदाहरणादाखल एक डंपर घेऊ. पडद्यावर 639 आणि 9 उमटले आहेत: 639 म्हणजे कॅन लाइन, 9 म्हणजे संदेश अपेक्षित वेळी येत नाहीत. तक्रार करणाऱ्याचा पत्ता 3, म्हणजे गिअरबॉक्स. इंजिनाचा पत्ता 0; त्याचेच संदेश येत नाहीत असे धरू. आता गिअरबॉक्सला दोषी धरून तो बदलणे म्हणजे फिर्यादीलाच अटक करणे. डॅशबोर्डनेही इंजिन बोलत नसल्याचे लिहिले आहे का, ते आधी पाहावे. लिहिले असेल, तर इंजिनाची स्वतःची नोंद वाचावी. ‘मला कोणीच ऐकू येत नाही’ अशी तक्रार तिथे असेल, तर कंट्रोलर जागा होता आणि लाइन तुटली होती. तिथे काहीच नसेल, तर त्या वेळी त्याचा वीजपुरवठाच गेला असण्याची शक्यता वाढते. संपूर्ण तपासात मला हा कोरा कागद सर्वांत बोलका वाटतो.

आकड्यांनाही पारखावे लागते. बिघाड किती वेळा झाला याची मोजणी 126 ला थांबते, त्यामुळे 126 चा अर्थ ‘निदान 126 वेळा’.

मल्टिमीटरची साक्षही अशीच तपासावी. लाइनच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरीची जोडणी काढून दोन तारांमध्ये मोजले तर 60 च्या आसपास यायला हवे. 120 आले तर एक रोधक निसटला आहे किंवा मुख्य लाइन तुटली आहे. शून्याजवळ आले तर तारा चिकटल्या आहेत. पण 60 आले म्हणून सगळे निर्दोष ठरत नाहीत. मुख्य लाइनवरून एकाच कंट्रोलरकडे जाणारी फांदी तुटली तरी स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटवर 60 च दिसते, कारण दोन्ही रोधक जागेवर असतात. आणि हे माप उभ्या यंत्राचे असते. खडीच्या रस्त्यावर हादरा बसला की सुटणारी पिन शेडमध्ये घट्ट बसलेली असते. म्हणून हार्नेस हाताने हलवत हलवतच मोजावे.

राहिली तारीख. अनेक उत्पादक आपल्या कंट्रोलरमध्ये बिघाडाच्या वेळचे यंत्राचे तास जोडतात. चार बाइटांच्या मूळ साच्यात ते नाहीत. स्कॅनरवरच्या एका बटणाने जुनी नोंद पुसली जाते आणि हा पुरावा पुन्हा मिळत नाही. मुकुटबन असो वा वणी, यंत्रावर काम करणाऱ्यांना एवढीच विनंती: कोड पुसण्याआधी सर्व कंट्रोलरच्या नोंदी, अवरमीटरचा आकडा आणि दिनांक लॉगबुकात लिहून ठेवा.