‘सिव्हिल’ शब्दाची कुळकथा

जबलपुरास बदलून आलेल्या मराठी गृहस्थास ज्या पत्त्यांशी प्रथम गाठ घालावी लागते, त्यांत ‘सिव्हिल लाइन्स’ हा एक असतोच. पुण्यामुंबईच्या वाचकांस हे नाव तितकेसे परिचयाचे नसेल. तिकडे ‘कँप’ असतो. परंतु वऱ्हाड-नागपुराकडून उत्तरेची वाट धरली की मोठ्या गावोगावी एक सिव्हिल लाइन्स भेटते : रुंद रस्ते, सरकारी कचेऱ्या, जुने बंगले आणि बंगल्यांहून जुनी झाडे. आम्ही राहतो अधारतालास आणि चरितार्थ चालवितो केंद्र सरकारच्या कारकुनीवर. हा शब्द आमच्या पत्त्यात नसला तरी नियमांत आणि परिपत्रकांत पदोपदी आढळतो. सिव्हिल कोर्ट, सिव्हिल सर्जन, सिव्हिल इंजिनिअर, सिव्हिल मॅरेज, सिव्हिल वॉर! न्यायालयास, शस्त्रवैद्यास, विवाहास आणि युद्धासही एकच विशेषण लागावे, हा प्रकार काय आहे, हे पाहण्याचा हा अल्प प्रयत्न.

शब्दाचे मूळ लॅटिन. ‘कीविस्’ म्हणजे नागरिक, त्याचे विशेषण ‘कीविलिस्’. फ्रेंचांच्या मार्गाने ते चौदाव्या शतकात इंग्रजीत उतरले. ‘सिटी’ हा शब्दही त्याच घराण्यातला. भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात आणि या कुळाचा मूळपुरुष ‘पहुडणे, वस्ती करणे’ अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूत शोधतात. त्याच धातूच्या भारतीय शाखेत आपला ‘शी’ धातू येतो, वेदांतला ‘शेव’ म्हणजे प्रिय हा शब्द येतो, आणि ‘शिव’ही त्यांतच घातला जातो. जो आपल्याबरोबर एका ठिकाणी वसतो तो आपला, म्हणून प्रिय, म्हणून कल्याणकारी, अशी ही परंपरा. नर्मदेच्या प्रत्येक कंकरात शंकर पाहणाऱ्या या जबलपुरात महादेवाचे आणि सिव्हिल सर्जनचे असे दूरचे नाते निघावे, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

परंतु ‘आपल्याबरोबर वसणारा’ म्हटले की न वसणाराही त्याच क्षणी निर्माण होतो. नगरात राहील तो शहाणा व सभ्य, बाहेरचा तो अडाणी, हा नगरवासीयांचा गर्व काही एकट्या रोमचा नव्हे. आपल्याकडेही नगरापासून ‘नागर’ झाला, आणि वात्स्यायनाने ‘नागरक’ रसिकतेचा आदर्श म्हणून उभा केला. उलट ग्रामापासून झालेला ‘ग्राम्य’ शब्द अशिष्टपणाचा वाचक ठरला. इंग्रजांचा ‘व्हिलन’ मुळात एका जमीनदाराच्या वाडीवरचा कुळवाडी होता, बिचारा नाटकात खलपुरुष होऊन बसला. ‘सिव्हिल’लाही याच वाटेने सोळाव्या शतकाच्या सुमारास ‘सभ्य’ हा अर्थ चिकटला. मात्र ती सभ्यता बेताची. दोन व्याह्यांचे बिनसल्यावर लग्नघरी ते एकमेकांशी जितके नि जसे बोलतात, ते ‘सिव्हिल’ बोलणे. त्यात शिवी नसते आणि मायाही नसते. डॉक्टर जॉन्सनला हा शब्द याच शिष्टाचाराच्या अंगाने प्रिय होता. १७७२ साली आपल्या कोशाची नवी आवृत्ती सिद्ध करीत असता त्याने ‘सिव्हिलायझेशन’ हा नवा शब्द घेण्याचे नाकारले आणि ‘सिव्हिलिटी’ पुरेशी आहे असे बॉस्वेलला सांगितले. जॉन्सनचे ऐकले गेले असते तर पुढे पृथ्वीवरच्या अनेक लोकसमूहांस ‘सिव्हिलाइझ’ करण्याचा भार गोऱ्या लोकांस इतक्या अगत्याने वाहावा लागला नसता, असे कधीकधी मनात येते.

आता मौज अशी की या विशेषणास स्वतःचा असा ठाम अर्थ थोडा. त्याच्यासमोर कोण उभे आहे, त्यावर तो ठरतो. समोर धर्मसंस्था असली की सिव्हिल म्हणजे लौकिक; म्हणून भटजी-पाद्र्यावाचून झालेले लग्न सिव्हिल. समोर सैन्य असले की सिव्हिल म्हणजे बिनलष्करी. अठराव्या शतकात पूल व दीपगृहे बांधणारा जॉन स्मीटन स्वतःस ‘सिव्हिल इंजिनिअर’ म्हणवू लागला तो, आपण तटबंद्या आणि तोफांचे मोर्चे बांधणारे नव्हे, एवढे सांगण्यासाठी. समोर फौजदारी गुन्हा असला की अर्थ आणखी निराळा. इंग्रज मनुष्यास हे भेद संदर्भाने कळतात. मराठीस मात्र भाषांतर करावयाचे होते, आणि त्यामुळे प्रत्येक वेळी उघड निर्णय घेणे भाग पडले. कोर्ट ‘दिवाणी’ झाले, सत्ता ‘मुलकी’, पुरवठा ‘नागरी’, इंजिनिअर ‘स्थापत्य’विशारद. आणि सिव्हिल वॉर? तेथे मराठीने कोश बाजूस ठेवून महाभारताचे मौसलपर्व उघडले व ‘यादवी’ हा शब्द काढला. हिंदीतला ‘गृहयुद्ध’ वाईट नाही. परंतु ‘यादवी’ म्हणताच प्रभासक्षेत्री एकमेकांवर मुसळे घेऊन धावणारे भाऊबंद डोळ्यांपुढे उभे राहतात. एका परकी विशेषणाच्या इतक्या सुंदर पराभवाचे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही.

‘दिवाणी’ या शब्दापाशी मात्र क्षणभर थांबले पाहिजे. ‘दिवाण’ हा फारसीतून आलेला शब्द; त्याचा अर्थ नोंदवही, मग ती ठेवण्याची कचेरी, मग त्या कचेरीचा प्रमुख. (आमच्या घरातला दिवाणखाना त्याचाच धाकटा भाऊ, तेथे आता नोंदवही नसते, एवढेच.) मोगली व्यवस्थेत दिवाण वसुली पाही आणि फौजदार बंदोबस्त. कंपनीने १७६५ साली बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळविली, १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्यांत दिवाणी व फौजदारी अशा दोन अदालती मांडल्या, आणि त्या जोडीने आपल्या भाषेत कायमचे घर केले. १९०८ चा सिव्हिल प्रोसीजर कोड मराठीत ‘दिवाणी प्रक्रिया संहिता’ होतो. हिंदीत त्याचे अधिकृत नाव ‘सिविल प्रक्रिया संहिता’ असेच राहिले आहे. इकडे मध्यप्रदेशात न्यायाधीशास ‘व्यवहार न्यायाधीश’ म्हणण्याचीही रीत आहे, आणि ती आमच्या मते सर्वांत जुनी व योग्य आहे. धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ म्हणजे न्यायालयीन वादच. नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’त देवघेवीच्या चातुर्याचे धडे शोधू जाणारा मराठी वाचक फसेल.

आणि आमचे अधारताल? गढामंडल्याची राणी दुर्गावती १५६४ साली मोगल सेनेशी लढताना पडली. तिच्या नावाचे राणीताल, दासीचे चेरीताल आणि तिचा दिवाण आधारसिंह कायस्थ याचे हे अधारताल, अशी या गावाची तळ्यांची परंपरा सांगितली जाते. तेव्हा आमच्या वस्तीचे नावच एका दिवाणाचे आहे. सिव्हिल लाइन्स वसण्याच्या कितीतरी आधी आम्ही दिवाणी होतो, असे म्हणावयास हरकत नसावी.

विनोद सोडून सिव्हिल लाइन्सकडे वळावे. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ च्या सुमारास, हा नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांच्या हातून कंपनीकडे गेला. मग लष्करासाठी छावणी झाली आणि मुलकी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी सिव्हिल लाइन्स. जुने शहर या दोहोंच्या बाहेर राहिले. ‘कीविस्’ म्हणजे नागरिक. आणि हजारो नागरिक जेथे राहतात ती वस्ती मात्र ‘सिव्हिल’ नव्हे! या नावाचे भाषांतर कोणीही केले नाही, याचे कारण कदाचित हेच असेल. ‘नागरी आळी’ म्हटले असते तर तिचे खोटेपण तत्काळ उघडे पडले असते.

ते उघडे पडले १९२३ साली. त्या वर्षी मार्चमध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगी निशाण लावण्यावरून झेंडा सत्याग्रहास तोंड फुटले आणि पंडित सुंदरलाल तुरुंगात गेले. लोण नागपुरास पोहोचले. तेथे सरकारने निशाणाची मिरवणूक सिव्हिल लाइन्समध्ये येऊ न देण्याचा हट्ट धरला. १ मेपासून जमनालाल बजाजांच्या पुढारपणाखाली स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निशाण घेऊन त्या हद्दीकडे चालत जात आणि रोज पकडल्या जात. बजाजांस शिक्षा झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली, आणि ऑगस्टमध्ये निशाण सिव्हिल लाइन्समधून मिरवत गेले.

आता या लढ्यात दोन्ही बाजूंस एकच विशेषण होते, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. मुलूख ‘सिव्हिल’ आणि त्यात शिरण्यासाठी केलेला कायदेभंगही ‘सिव्हिल’. थोरोचा मूळ निबंध १८४९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या शीर्षकात सरकार सिव्हिल होते आणि निबंध त्याच्या प्रतिकाराविषयी होता. थोरोच्या मृत्यूनंतर, १८६६ च्या संग्रहात शीर्षक बदलले आणि विशेषण सरकारास सोडून अवज्ञेस जाऊन मिळाले. गांधीजींनी त्यात तो मागे पडलेला ‘सभ्य’ अर्थ पुन्हा जागा केला. आणि विनय म्हणजे वाणीचा वरवरचा गोडवा नसून अंतरीचा सौम्यपणा व प्रतिपक्षाचेही हित चिंतणे होय, असा आत्मकथेत खुलासा केला. म्हणून आपण ‘नागरी कायदेभंग’ म्हणत नाही, ‘सविनय कायदेभंग’ म्हणतो. व्याह्यांच्या तोंडदेखल्या बोलण्यापर्यंत घसरलेला शब्द या भाषांतराने इतका वर उचलला गेला की इंग्रजांच्या कोशातही त्यास अशी उंची लाभली नव्हती.

शेवटी एक घरगुती गोष्ट. ‘सिव्हिलियन’ म्हणजे पूर्वी रोमन कायद्याचा पंडित, मग कंपनीचा मुलकी नोकर, मग आय. सी. एस. चा बडा साहेब. १८६३ साली त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर हे असे सिव्हिलियन. मुंबई इलाख्यात चाकरी करून ते साताऱ्यास न्यायाधीश झाले. जबलपुरात आज हा शब्द लष्करी खात्यांतील गणवेशाविना काम करणाऱ्या कारकुनांस, मिस्त्र्यांस व मजुरांस लागतो. १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीपासून अशा माणसांच्या पिढ्यान्पिढ्या या गावात नांदल्या. अधारतालातही त्यांची घरे आहेत. संविधानाचा ३११ वा अनुच्छेद ‘सिव्हिल’ पद धारण करणाऱ्यास, रीतसर चौकशी करून त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून सामान्यतः बडतर्फ करता येणार नाही, असे अभय देतो. परंतु संरक्षण खात्याच्या खर्चातून वेतन घेणाऱ्या सिव्हिलियनचे पद ‘सिव्हिल’ पद नव्हे, ते संरक्षणाशी निगडित पद होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला. त्याला चौकशीचा हक्क मिळतो तो १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांतून. आणि नियम सरकार बदलू शकते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा जबलपूरच्या कारखान्यांतील हे सिव्हिलियन कंपन्यांकडे ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर गेले.