बोरीबंदरचा वेताळ आणि चाळीतले वाचक

मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. प्रकाशक होते बोरीबंदरसमोरच्या टाइम्स ऑफ इंडियाचे मालक, बेनेट कोलमन आणि कंपनी. आरंभीची किंमत ६० पैसे. ली फॉकने १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांसाठी निर्माण केलेला फँटम हा या मालिकेचा नायक. मराठी अंकांत तो वेताळ झाला. 'इलस्ट्रेटेड वीकली' वाचणाऱ्या इंग्रजी घरांना त्याची ओळख आधीच होती. गिरगाव, परळ, लालबागच्या मराठी शाळांतल्या मुलांना मात्र तो इंद्रजालने भेटवला, आणि तोही त्यांच्या भाषेत बोलणारा. इंद्रजालचे मुंबईवर मोठे ऋण असेल तर ते हेच.

हे रूपांतर वाटते तितके सोपे नव्हते. वर्तमानपत्रात रोज दोन-तीन चौकटी छापून येत, त्यातली एखादी तर आदल्या दिवशी काय घडले हे सांगण्यातच जाई. पुस्तक करताना चौकटी कापायच्या, काही गाळायच्या, उरलेल्या पानावर नव्याने मांडायच्या आणि गोष्ट सलग करायची. संवादाच्या फुग्याचा आकार ठरलेला, तेव्हा त्यात बसणारे मराठी वाक्य आखूड आणि थेट असावे लागे. मजकुरातही फेरफार झाले. वेताळाचा देश मुळात 'बेंगाला'. बंगालशी साम्य नको म्हणून त्याचे 'डेंकाली' झाले आणि त्याचे वैरी असलेल्या 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा'. मुखपृष्ठे मात्र इथलीच. गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली आरंभीची मुखपृष्ठे आजही लांबून ओळखू येतात. आतली चित्रे परदेशी असली, तरी अंक हातात घ्यावासा वाटे तो या मुखपृष्ठांमुळे, आणि त्यांचे श्रेय ब्राह्मणियांना पुरेसे मिळालेले नाही.

वेताळामागोमाग जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर आले. १९७६ साली इंद्रजालला स्वतःचा भारतीय नायक मिळाला: बहादूर. त्याचे निर्माते आबिद सुरती डोंगरीत वाढले आणि टाइम्सपासून हाकेच्या अंतरावरच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. चित्रे पुन्हा ब्राह्मणियांचीच. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा, दरोडेखोराचा मुलगा असूनही दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांचे दल उभारणारा हा तरुण मुखवटा घालत नसे, त्याच्याकडे जादूही नव्हती. या मालिकेतली सर्वांत धाडसी निर्मिती तीच.

इंद्रजालच्या आरंभीच्या कामात असलेले अनंत पै पुढे टाइम्समधून बाहेर पडले. १९६७ साली त्यांनी मुंबईच्याच इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्र कथा' हाती घेतली. त्यांच्या 'कृष्ण' या अंकाची चित्रे राम वाईरकरांची. १९८० साली 'टिंकल' सुरू झाले आणि त्यातला सुपंडीही वाईरकरांच्याच कुंचल्याने घडला. 'अमर चित्र कथे'ची पुस्तके पौराणिक आणि ऐतिहासिक असल्याने घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत नसे. वेताळ अनेकदा अभ्यासाच्या पुस्तकाआड दडवून वाचावा लागे.

इंद्रजालचा अंक मिळे रेल्वे स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर किंवा नाक्यावरच्या पेपरवाल्याकडे. पण गिरणगावात प्रत्येक घराने तो विकत घेणे शक्यच नव्हते. एकाने घेतलेला अंक मजल्यावरच्या सगळ्या पोरांच्या हातून फिरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्याखाली किंवा गॅलरीत दोरीवर अंक टांगून मुले आपले वाचनालय थाटत आणि चार-आठ आण्यांना ते वाचायला देत. गल्लीतली खासगी वाचनालयेही कॉमिक्स भाड्याने देत. अंक जितका आवडता तितका लवकर फाटे, आणि शेवटी वर्तमानपत्रांबरोबर रद्दीवाल्याच्या तराजूत जाई. त्या काळचे अंक आज दुर्मीळ आहेत याचे एक मोठे कारण म्हणजे ते खरोखर वाचले गेले.

ऐंशीच्या दशकात रंगीत दूरदर्शन चाळींत पोहोचले आणि मुलांची संध्याकाळ पडद्याकडे वळली. एप्रिल १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. तोवर सुमारे आठशे अंक निघाले होते. वेताळ आणि मॅन्ड्रेक पुढे दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सकडे गेले.

जुने अंक शोधणारे आजही माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे आणि फोर्टचे पदपथ धुंडाळतात. क्रमांकांची माहिती असल्याशिवाय संच लावता येत नाही, कारण ४४३ व्या अंकानंतर साधी मोजणी थांबून 'खंड २०, अंक १' अशी नवी पद्धत आली. जाणकार ग्राहक आधी अंक मधोमध उघडतो. पिना गंजल्या की पहिल्यांदा निखळते ते मधले पान, आणि ते नसेल तर मुखपृष्ठ कितीही नवेकोरे असले तरी किंमत निम्म्यावर येते. मुखपृष्ठावर शाईने लिहिलेले आधीच्या मालकाचे नाव मात्र बहुतेकांना चालते.